जुन्या हार्ड डिस्कवरील बंद कप्पे

दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस हा व्यापारी विभाग कचेऱ्यांसाठी वसविण्यात आला; पण पुढे त्याची ख्याती झाली ती संगणकाच्या बाजारपेठेमुळे. मधला विस्तीर्ण फरसबंद चौक आणि भोवतालच्या उंच इमारती ह्यांमधील लहानमोठ्या दुकानांतून संगणकाचा प्रत्येक सुटा भाग विकत मिळतो, दुरुस्त होतो आणि जुना झाला म्हणजे परत घेतलाही जातो. तेथून काही मैलांवर, यमुनेपलीकडे, ईशान्य दिल्लीतील सीलमपूर येथे ह्या यंत्रांचे अखेरचे स्थान आहे. निकामी संगणक तेथे फोडले जातात आणि त्यांतील तांबे, ॲल्युमिनियम, इतर धातू वेगळे काढले जातात. नव्या यंत्राचा जन्म आणि जुन्या यंत्राचा अंत ह्या दोन टोकांमध्ये एक वस्तू मात्र पुष्कळदा रेंगाळत राहते. ती म्हणजे हार्ड डिस्क. संगणक बिघडला, तरी आतील डिस्क चांगली असते. ती काढून एका लहानशा डबीत बसविली आणि तारेने नव्या संगणकाला जोडली, की साठवणीची एक आयती कोठी हाती येते. काटकसरी घरांत ही युक्ती सर्रास केली जाते.

अडचण येते ती नंतर. डिस्क जोडली जाते, तिच्यावरील कप्प्यांची नावे पडद्यावर दिसतात. परंतु एखादा कप्पा उघडू जावे, तो ‘परवानगी नाही’ एवढेच उत्तर मिळते. डिस्क आपली, घर आपले, कागद आपलेच. मग परवानगी नाकारणारा हा कोण? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना संगणकाच्या रचनेतील एक मूलभूत भेद आपणांस समजून घ्यावा लागतो. कुलूप लावलेले दार आणि पहारा बसविलेले दार ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा तो भेद होय.

एका घरातील डिस्क

विवेचन सोपे व्हावे म्हणून एक उदाहरण कल्पू. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीस आलेले आणि निवृत्तीनंतर नोएडात स्थायिक झालेले एक मराठी गृहस्थ आहेत. 2006 साली त्यांनी नेहरू प्लेसमधून सुटे भाग जुळवून एक संगणक घेतला. त्यात विंडोज एक्सपी ही प्रणाली होती. डिस्कचे दोन भाग केलेले होते: पहिल्यात प्रणाली, दुसऱ्यात घरचे कागद. 2013 मध्ये संगणक बंद पडला. मुलाने डिस्क काढून डबीत घातली, पहिला भाग पुसून तेथे लग्नसमारंभांच्या चित्रफिती साठविल्या आणि दुसरा भाग ‘बाबांचा आहे, असू दे’ म्हणून तसाच ठेवला. पुढे गृहस्थ वारले. घराच्या हस्तांतरणासाठी कागदांची गरज पडली तेव्हा मायलेकांना त्या डिस्कची आठवण झाली.

दुसऱ्या भागात तीन कप्पे असावयास हवे होते. पहिला, छायाचित्रांचा, दिसत होता. पण उघडत नव्हता. दुसरा, घराच्या कागदांचा, मुळी दिसतच नव्हता. तिसरा होता टिपणांचा. नोकरीतील बदल्या, वडिलांचे कोकणातील घर, दिल्लीतील पहिली वर्षे ह्यांविषयी ते गृहस्थ बारा वर्षे जे लिहीत होते, ते सारे त्यात होते. तो कप्पा उघडत होता, आतील फायलींची नावेही दिसत होती. परंतु एकही फाइल उघडत नव्हती. वरवर पाहता तिन्ही कप्पे ‘बंद’ होते. वस्तुतः तिन्हींची कारणे भिन्न होती आणि त्यामुळे तिन्हींचे उपायही भिन्न होते. ते आता क्रमाने पाहू.

माहिती कोठे असते

हार्ड डिस्कचा इतिहास 1956 मध्ये सुरू होतो. त्या वर्षी आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाच्या संगणकाबरोबर पहिली डिस्क बाजारात आणली. तीत 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या, ती एखाद्या मोठ्या कपाटाएवढी होती आणि तीवर सुमारे 50 लाख अक्षरे मावत. आजच्या एका साध्या छायाचित्रालाही कधीकधी तेवढी जागा पुरत नाही. आकार लहान होत गेला, क्षमता लक्षावधी पटींनी वाढली. तथापि तत्त्व तेच राहिले. तबकडीवरील चुंबकीय थरात माहितीचे सूक्ष्म ठसे उमटवावयाचे आणि फिरत्या तबकडीवर तरंगणाऱ्या शीर्षाने ते वाचावयाचे.

नुसते ठसे मात्र उपयोगाचे नाहीत. कोणती फाइल कोठे सुरू होते, कोठे संपते, तिचे नाव काय, ती कोणाची, ह्याची एक सूची डिस्कवरच ठेवलेली असते. ग्रंथालयातील पुस्तके आणि तालिकापत्रे ह्यांसारखेच हे नाते आहे. तालिकापत्र फाडले म्हणून पुस्तक नाहीसे होत नाही. ते फक्त सापडेनासे होते. ही उपमा वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे पुन्हा काम पडणार आहे.

पहारेकरी आणि त्याची वही

1993 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ही प्रणाली प्रसिद्ध केली आणि तिच्याबरोबर एनटीएफएस ही फायली मांडण्याची नवी पद्धत आणली. तीत प्रत्येक फाइलीच्या व कप्प्याच्या नोंदीस एक पुरवणी जोडलेली असते. हा कप्पा कोणाच्या मालकीचा आहे आणि तो कोणी वाचावा, कोणी बदलावा, कोणी पुसावा, ह्यांची यादी त्या पुरवणीत असते. पूर्वीच्या फॅट पद्धतीत अशी यादीच नव्हती. त्या पद्धतीच्या जुन्या डिस्कवर म्हणूनच ‘परवानगी नाही’ हा अनुभव येत नाही.

ह्या यादीत माणसाचे नाव लिहिलेले नसते, ही येथील मुख्य गोष्ट. तेथे एक लांबलचक क्रमांक असतो. संगणकावर प्रणाली बसविली जाते तेव्हा त्या स्थापनेसाठी एक मोठी संख्या ठरते आणि प्रत्येक वापरकर्त्याचा क्रमांक तीवरून बनतो. परिणामी एकच मनुष्य त्याच नावाने, त्याच परवलीच्या शब्दाने नव्या संगणकावर खाते उघडतो, तेव्हा प्रणालीच्या दृष्टीने तो सर्वस्वी परका असतो. जुन्या डिस्कवरील यादीत जुना क्रमांक आहे. नव्या संगणकावर त्या क्रमांकाचा कोणीच नाही. पहारेकरी वही पाहतो, समोरच्याचा क्रमांक तीत आढळत नाही आणि तो दार अडवितो. मालकाचे नाव दाखवावयाच्या जागी अशा वेळी एक अर्थहीन अंकमालिका दिसते, तिचे कारण हेच.

आता ह्या पहाऱ्याची मर्यादा पाहू. वहीप्रमाणे वागण्याचे काम डिस्क करीत नाही. चालू असलेली प्रणाली करते. डिस्कवरील फायली उघड्या, सरळ वाचता येतील अशाच स्थितीत पडलेल्या असतात. लिनक्ससारखी दुसरी प्रणाली चालवून तीच डिस्क जोडली, तर ती बहुधा ह्या वहीकडे लक्षच देत नाही आणि सारे कप्पे उघडून दाखविते. खुद्द विंडोजमध्येही संगणकाच्या व्यवस्थापकाला वही बदलण्याचा हक्क असतो. म्हणून अशा कप्प्याची अडचण ही केवळ औपचारिक अडचण होय, आणि ती सोडविण्याची रीतही प्रणालीनेच ठरवून दिलेली आहे.

ती रीत थोडक्यात अशी. व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्या खात्यातून कप्पा उघडू गेल्यास प्रणाली प्रथम ‘पुढे जावयाचे काय’ असे विचारते. होकार दिला, की ती चालू खात्याचे नाव यादीत स्वतःच लिहून टाकते. एवढ्याने पुष्कळ कप्पे उघडतात. न उघडल्यास कप्प्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘सिक्युरिटी’ आणि तेथून ‘ॲडव्हान्स्ड’ ह्या पानावर यावे. तेथे ‘ओनर’पुढे ‘चेंज’ निवडून स्वतःच्या खात्याचे नाव द्यावे आणि आतील सर्व कप्प्यांनाही हा बदल लागू व्हावा अशी खूण करावी. मालकी घेणे ही पहिली पायरी. स्वतःला पूर्ण परवानगी देणे ही दुसरी. पहिली झाली म्हणजे दुसरी आपोआप झाली असे समजून बरेच लोक मध्येच थांबतात व निराश होतात. लेखी आज्ञांची सवय असलेल्यांसाठी ‘टेकओन’ ही आज्ञा मालकीसाठी आणि ‘आयकॅक्ल्स’ ही परवानगीसाठी आहे.

दोन सावधगिऱ्या मात्र आवश्यक आहेत. एक, ही क्रिया हव्या त्या कप्प्यापुरतीच करावी. ज्या डिस्कवर चालू प्रणाली आहे तिच्या संपूर्ण विस्तारावर मालकी घेतल्यास प्रणालीचे स्वतःचे पहारे मोडतात व ती अस्थिर होते. दुसरी, न उघडणारा प्रत्येक कप्पा खरोखर कप्पा असतोच असे नाही. विंडोज व्हिस्टापासून पुढील प्रणालींत ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ ह्या नावाची एक वस्तू दिसते आणि ती उघडू दिली जात नाही. ती केवळ जुन्या कार्यक्रमांच्या सोयीसाठी लावलेली दिशादर्शक पाटी आहे. खरे सामान ‘यूजर्स’ ह्या कप्प्यात असते. पाटीशी झुंजण्यात काही लाभ नाही.

आपल्या उदाहरणातील छायाचित्रांचा कप्पा ह्या पहिल्या प्रकारचा होता. गृहस्थांनी तो स्वतःपुरता राखून ठेवला होता, इतकेच. मालकी आणि परवानगी ह्या दोन पायऱ्या पार करताच तो उघडला.

न दिसणारा कप्पा

दुसऱ्या प्रकारात दार अडविलेले नसते. दारावर पडदा असतो. प्रत्येक कप्प्याला काही गुण चिकटविता येतात. ‘लपलेला’ आणि ‘प्रणालीचा’ हे दोन्ही गुण एकत्र लावले, की तो कप्पा नेहमीच्या यादीतून अदृश्य होतो. मुलांपासून फायली दूर ठेवण्यासाठी कोणी हे मुद्दाम करतो. परंतु भारतात ह्याचे फार मोठे कारण होते ते पेन ड्राइव्हवरून पसरणारे विषाणू. सायबर कॅफे, छपाईची दुकाने आणि कचेऱ्या ह्यांतून फिरणारे हे उपद्रवी कार्यक्रम खरे कप्पे लपवीत आणि त्यांच्या जागी त्याच नावाच्या खोट्या वाटा ठेवीत. त्यांवर बोट ठेवणारा मनुष्य नकळत विषाणूलाच चालना देई. अनेकांनी ‘डिस्क रिकामी झाली’ असे समजून ती पुसून टाकली. वास्तविक भरलेली जागा मोजून पाहिली असती, तरी आत काही आहे हे कळले असते.

उपाय सोपा आहे. प्रथम विषाणुनाशक कार्यक्रमाने डिस्क तपासावी. नंतर ‘ॲट्रिब’ ह्या आज्ञेने लपविण्याचे गुण काढून टाकावेत, किंवा लपलेल्या व प्रणालीच्या वस्तू दाखवाव्यात असे प्रणालीस सांगावे. घराच्या कागदांचा कप्पा असाच पडद्याआड गेलेला निघाला. खरेदीखताची प्रत, कराच्या पावत्या, सोसायटीशी झालेला पत्रव्यवहार, सारे जागच्या जागी होते.

बाजारात मिळणारे ‘कप्पा-कुलूप’ कार्यक्रमही ह्याच संदर्भात पाहिले पाहिजेत. त्यांतील काही फक्त नाव बदलतात व कप्पा लपवितात; परवलीचा शब्द विचारणारी चौकट ही केवळ शोभा असते. दुसरे काही मात्र खरोखरच मजकुराचे रूपांतर करतात. कार्यक्रमाचे नाव ठाऊक असल्यास तोच पुन्हा बसवून, मूळ शब्द देऊन कप्पा उघडणे हा सर्वांत निर्धोक मार्ग.

खरे कुलूप

येथवर पाहिलेल्या दोन्ही प्रकारांत मजकूर मूळ रूपात शाबूत होता. तिसरा प्रकार निराळा आहे, आणि तो समजण्यास महाराष्ट्राच्या इतिहासातील एक उदाहरण उपयोगी पडेल.

पुण्याचे पेशवे दफ्तर 1818 नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेले. हजारो रुमालांत बांधलेले ते कागद सरकारी कामांसाठी, विशेषतः इनामांच्या चौकशीसाठी, उघडले जात. स्वतंत्र संशोधकांना मात्र ते दीर्घकाळ जवळजवळ बंदच होते. ही बंदी परवानगीची होती. सरकारने परवानगी दिली तेव्हा गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 ह्या काळात निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध झाले. परंतु दार उघडल्यानंतरही आजचा सामान्य वाचक रुमाल सोडून बसला, तर त्यास काही वाचता येणार नाही. कारण कागद मोडी लिपीत आहेत. मोडी ही गुप्तलिपी नव्हे, ती शिकता येते. तरीही दाराचा अडसर आणि लिपीचा अडसर हे वेगळे असतात, हे त्यावरून स्पष्ट होते. आता अशी एक लिपी कल्पावी, की जी प्रत्येक कागदासाठी नव्याने निर्माण केली आहे आणि जिची वर्णमाला एकाच पेटीत ठेवलेली आहे. ती पेटी हरवली, तर जगातील कोणत्याही पंडिताला तो कागद वाचता येणार नाही. संगणकावरील कूटलेखन ते हेच.

2000 साली आलेल्या विंडोज 2000 ह्या प्रणालीत कप्पे कूटबद्ध करण्याची सोय होती आणि पुढे एक्सपीच्या व्यावसायिक आवृत्तीतही ती राहिली. कप्प्यावर एक खूण केली, की काम झाले. निराळा शब्द विचारला जात नसे, आणि म्हणूनच अनेकांना आपण काय केले ह्याची कल्पनाही नसे. आत घडे ते असे: प्रत्येक फाइलीसाठी एक यादृच्छिक किल्ली बनविली जाई व तिने मजकुराचे रूपांतर होई. मग ती किल्लीच वापरकर्त्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद केली जाई. ती सोडविणारी खाजगी किल्ली वापरकर्त्याच्या खात्याच्या कप्प्यात, म्हणजे प्रणालीच्या भागात, ठेवलेली असे. आणि तिचे रक्षण त्याच्या परवलीच्या शब्दावर अवलंबून असे. मालक स्वतः खात्यात शिरला, की सारे काही आपोआप उघडे. दुसऱ्या कोणालाही सारे बंद.

ह्या किल्ल्यांचे बळ लक्षात घेण्याजोगे आहे. एक्सपीच्या पहिल्या मोठ्या सुधारणेनंतर ह्या कामी 256 बिटांची एईएस पद्धत वापरली जाऊ लागली. 256 बिटांच्या शक्य किल्ल्यांची संख्या 78 अंकी आहे. एकेक किल्ली लावून पाहणे हा मार्ग कोणत्याही वेगवान यंत्रासही उपलब्ध नाही. म्हणून ‘कितीही पैसे घ्या, पण उघडून द्या’ ही विनवणी येथे व्यर्थ ठरते, आणि उघडून देण्याची हमी आगाऊ देणाऱ्यापासून सावध राहणेच बरे.

असा कप्पा ओळखावा कसा? फायलींची नावे हिरव्या अक्षरांत दिसतात, किंवा त्यांच्या चित्रावर एक लहानसे कुलूप दिसते. मालकी घेतली, पूर्ण परवानगी दिली, तरी फाइल ‘परवानगी नाही’ असेच म्हणते. संदेशाचे शब्द तेच असल्यामुळे मनुष्य फसतो आणि पुन्हापुन्हा मालकी घेत बसतो. ‘सायफर’ ही आज्ञा फाइल कूटबद्ध आहे की नाही आणि कोणाच्या प्रमाणपत्राने ती उघडेल, हे सांगते.

उपाय तीनच. एक, मूळ संगणक व मूळ प्रणाली अजून चालत असेल, तर तीच सुरू करून मालकाच्या खात्यातून कप्प्याचे कूटलेखन काढावे. दोन, किल्लीसह प्रमाणपत्राची प्रत पूर्वी एखाद्या सीडीवर वा अन्यत्र काढून ठेवली असल्यास ती नव्या संगणकावर बसवावी. तीन, जुन्या खात्याचा कप्पा डिस्कवर शाबूत असेल आणि परवलीचा शब्द ठाऊक असेल, तर जाणकार तंत्रज्ञास त्यातून किल्ली सोडविता येण्याची शक्यता असते. ह्या तिन्हींपैकी एकही नसल्यास चौथा उपाय नाही.

नोएडातील घराची कथा येथे संपते. मुलास वडिलांचा परवलीचा शब्द आठवत होता. पण किल्ली पहिल्या भागात होती, आणि तो भाग पुसून त्यावर वर्षानुवर्षे चित्रफिती साठविल्या गेल्या होत्या. शब्द होता, त्या शब्दाने उघडावयाची पेटीच उरली नव्हती. बारा वर्षांच्या टिपणांतील प्रत्येक अक्षर आजही त्या डिस्कवर आहे आणि त्यांतील एकही वाचता येत नाही. हे नुकसान 2013 मधील एका दुपारी, जागा मोकळी करण्याच्या सद्‌हेतूने झाले. ते कळले मात्र फार पुढे.

संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणारी बिटलॉकर ही योजना 2007 मध्ये व्हिस्टाबरोबर सर्वांसाठी आली. तीत कप्प्यांची नावेही दिसत नाहीत. सबंध डिस्कवरच कुलूप दिसते. मात्र तिची एक 48 अंकी पुनःप्राप्ती किल्ली असते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, छापील कागदावर, किंवा कार्यालयीन यंत्र असल्यास कार्यालयाच्या नोंदींत सापडू शकते. अलीकडील अनेक यंत्रांत असे कूटलेखन मालकाने न सांगताही सुरू होते. म्हणून आज ही किल्ली कोठे आहे हे आधीच पाहून ठेवणे अधिकच अगत्याचे झाले आहे.

उघडण्यापूर्वीची पथ्ये

कोणताही उपाय करण्यापूर्वी काही पथ्ये पाळावीत. जुन्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. ती टकटक असा आवाज करीत असेल, तर ती ताबडतोब बंद करावी. प्रत्येक फेऱ्यात तबकडीवर ओरखडे उठण्याचा संभव असतो. साडेतीन इंची डिस्कला यूएसबीच्या तारेतून मिळणारी वीज पुरत नाही, तिला स्वतंत्र वीजपुरवठा लागतो; अडीच इंची डिस्कला बहुधा तेवढी पुरते. ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असे प्रणालीने सुचविल्यास नकार द्यावा. शक्य तर प्रथम संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. पुराभिलेख सांभाळणारे लोक मूळ कागद संशोधकाच्या हाती देण्याऐवजी छायाप्रत देतात, त्यातील शहाणपण तेच.

बाजारातील डिस्क आणि परक्याचे कागद

डिस्क घरची नसून बाजारातून विकत घेतलेली असेल, तर प्रश्नाचे स्वरूप पालटते. 2003 मध्ये सिम्सन गारफिंकल आणि अभि शेलट ह्या अमेरिकेतील दोन संशोधकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी 158 वापरलेल्या डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी 129 चालत होत्या आणि त्यांतल्या केवळ 12 नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांतून वैद्यकीय पत्रव्यवहार, खाजगी पत्रे आणि हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक बाहेर आले. विकणाऱ्यांपैकी अनेकांनी फायली पुसल्या होत्या. त्यांनी पुसली होती ती केवळ तालिकापत्रे.

अशी डिस्क हाती आली आणि तीत कोणाचा बंद कप्पा दिसला, तर वर वर्णिलेल्या युक्तीने तो क्षणात उघडेल. परंतु उघडता येणे आणि उघडण्याचा अधिकार असणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पैसे देऊन धातू विकत घेतला; कोणाचे आजारपण, कोणाचे हिशेब, कोणाच्या मुलीची छायाचित्रे विकत घेतलेली नाहीत. संमतीवाचून दुसऱ्याच्या संगणकातील माहिती मिळविण्याबाबत माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 ह्याच्या कलम 43 मध्ये भरपाईची तरतूद आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम 66 अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिल्लीतच दिला आणि 2023 मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत केला. कायदा बाजूस ठेवला, तरी परक्याच्या नावे आलेले पत्र फोडू नये हा जुना शिष्टाचार येथेही लागू आहे. अशी डिस्क पूर्ण पुसून मगच वापरावी.

हेच कर्तव्य देणाऱ्याचेही आहे. झटपट फॉरमॅट केवळ सूची नवी करतो. व्हिस्टा व त्यापुढील प्रणालींतील पूर्ण फॉरमॅट मात्र सर्व जागेवर शून्ये लिहितो. चुंबकीय डिस्कसाठी बहुधा एवढे पुरेसे असते. नव्या, तबकडीविरहित साठवणीच्या साधनांत जुनी माहिती अदृश्य कोपऱ्यांत राहू शकते. तेथे उत्पादकाने दिलेली पुसण्याची सोय वापरावी. त्यानंतरच डिस्क भंगारवाल्याच्या हाती न देता नोंदणीकृत संकलकाकडे द्यावी. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून देशात अंमलात आले आहेत.

उपसंहार

बंद कप्प्यापुढे उभे राहताना पहिला प्रश्न ‘कसा उघडावा’ हा नसून ‘कशाने बंद आहे’ हा असावा. पहारा असेल, तर वही बदलता येते. पडदा असेल, तर तो सारता येतो. कुलूप असेल, तर किल्ली शोधावी लागते, आणि ती जेथे असण्याचा संभव आहे तेथे काहीही पुसण्यापूर्वी ती शोधावी लागते. दुसरा प्रश्न ‘हा कप्पा कोणाचा’ हा होय, व त्याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही.

घरोघरी आता पत्रे, दस्तऐवज आणि आठवणी लोखंडी ट्रंकेत नसून अशा डिस्कवर असतात. ट्रंकेची किल्ली कोठे टांगली आहे, हे घरातील निदान एका माणसास तरी ठाऊक असे. कूटबद्ध कप्प्याची किल्ली, तिची एक प्रत आणि ती कोठे ठेवली आहे ह्याची एका साध्या कागदावरील नोंद, एवढी व्यवस्था ज्याने जिवंतपणी केली, त्याने आपले कागद पुढील पिढीच्या हाती दिले. ज्याने ती केली नाही, त्याचे कागद सुरक्षित राहिले खरे. पण वाचणारा कोणी उरला नाही.